कट्टा राहू द्या

पाली, ता. जि. बीड
८ डिसेंबर २०२४

चि. दीपमालास,
आप्पाचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं बरी आहोत. फोनवर तू ओरडतेस आणि मी ऐकू न येताच हो हो करतो, म्हणून हे पत्र. एसटीत घंटी मारून मारून कान गेले, डोळे मात्र अजून शाबूत आहेत.

तलावावरचा बोटीचा धक्का आणि त्याला लागून असलेलं सभागृह नवं होणार, अशी पाटी लागली आहे. मोठा धक्का, तिकीटघर, वर काचेचं सभागृह, सरकारी बैठका इथंच होणार म्हणे. गाव खूश आहे. नकाशा तुझ्याच पुण्याच्या ऑफिसचा, हे पाटीवर वाचून माझी छाती फुगली. दोन माणसांना मुद्दाम बोलावून पाटी दाखवली.

पण तुझ्या आईचं काय करू? तुझा भाऊ बोट घेऊन गेला त्याला चार वर्षं झाली. बोट पार पलीकडे सांडव्याजवळ सापडली, जीवन सापडला नाही. तेव्हापासून ती रोज दुपारी सभागृहापुढच्या दगडी कट्ट्यावर जाऊन बसते, हे तुला माहीतच आहे. गेल्या उन्हाळ्यात तलाव आटला, तळ उघडा पडला, तरी काही मिळालं नाही. तेव्हापासून तर ती कुणाचं ऐकतच नाही. म्हणते, तळ दिसला, लेकरू दिसलं न्हाई, म्हंजी ते पाण्यात न्हाईच. कुटंतरी हाय, आन् आलं तर हितंच उतरंल. भंतेजींनी जलदान विधीचा विषय काढला, तर जित्या माणसाचं जलदान कावून करायचं, असं त्यांनाच विचारलं. ते बिचारे चहा न घेता गेले.

नव्या नकाशात तो कट्टा पाडून तिथून पायऱ्या काढल्या आहेत. तुझ्या साहेबांना सांगून बघ. बाकी काही करा, तेवढा कट्टा राहू द्या.

तुझा,
आप्पा


पुणे
२२ डिसेंबर २०२४

ती. आप्पांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही पत्रातही कंडक्टरच राहिलात. अर्धी गोष्ट सांगायची आणि घंटी मारून मोकळं व्हायचं. आईच्या गुडघ्यांचं काय झालं, ते लिहिलंच नाही.

साहेब आधी ऐकेनात. मग मी नकाशा परत काढला. पायऱ्या आणि धक्का डावीकडे सरकवला, जुन्या उताराच्या बाजूला. तिथं गाळ फार आहे, खोल खोदावं लागेल, म्हणून साहेब कुरकुरले, पण शेवटी सही केली. कट्टा आहे तिथंच राहील, वर सावलीला छप्परही येईल. काम चालू असतानाही आईला बसू देतील, तसं मी ठेकेदाराकडून कबूल करून घेतलंय.

आप्पा, जीवन परत येईल असं मला वाटत नाही. राखी पौर्णिमेला मी अजून रडते ते तो गेला म्हणूनच. पण आई त्या आशेवर उठते, जेवते, चालते. ती मोडायची माझी हिंमत नाही. कट्टा राहू दे आणि तिची वाट बघणंही राहू दे.

आईला नमस्कार सांगा. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.

तुमची,
दीपा


पाली
३ मार्च २०२५

चि. दीपमालास,
आशीर्वाद.

गावातल्या कुणी फोन केला असेल, तरी मी लिहितो. बाळ, बसून वाच.

डावीकडच्या खांबासाठी पोकलेननं गाळ काढत होते. खालून हाडं निघाली. डाव्या पायात रॉड होता, बीडला ऑपरेशन करून घातलेला. हातातलं स्टीलचं कडंही मिळालं. आपला जीवनच आहे. बोट सांडव्याजवळ मिळाली म्हणून आपण सगळे तिकडंच शोधत राहिलो. तो धक्क्याच्या अगदी जवळ होता, कट्ट्यावरून हाक मारली तर पोहोचेल एवढ्या अंतरावर.

आई तेव्हा कट्ट्यावरच होती. ती रडली नाही. खाली उतरून मशीनवाल्याला म्हणाली, हळू काढ बाबा, त्येच्या पायाला लागंल.

पोलिसांचा पंचनामा झाला, बीडच्या दवाखान्यात नेलंय. तू ये.

आप्पा


पुणे
६ एप्रिल २०२५

ती. आप्पांस,
सविनय जयभीम. वि. वि.

जलदान विधी आटोपून इथं आले, पण कामावर मन लागत नाही. निघताना आईच्या पाया पडले, तर तिनं डोक्यावर हात ठेवला नाही. एरवी एसटी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवणारी बाई.

मूळ नकाशा तसाच राहिला असता, तर त्या जागी कुणी फावडंही लावलं नसतं. मी तिच्या कट्ट्यासाठी धक्का सरकवला आणि त्यातच तिची आशा गेली. सगळे म्हणतात, बरं झालं, एकदाचं कळलं. मला मात्र बरं वाटत नाही, आप्पा. तिला हे ठाऊक आहे का? तिनं मला चार शब्द बोलावेत, वाटलं तर शिव्याच द्याव्यात.

तुमच्या मायेची आज फार गरज आहे.

तुमची,
दीपा


पाली
१८ जानेवारी २०२६

चि. दीपमालास,
आप्पाचा आशीर्वाद. वि. वि.

काल उद्घाटन झालं. मंत्री आले, भाषणं झाली, मला ऐकू आलं नाही हे एका परीनं बरंच. सभागृह देखणं झालंय. कट्टा घासूनपुसून त्यावर छप्पर घातलंय. कॉलेजची मुलं तिथं बसून फोटो काढतात. तुझी आई मार्चपासून एकदाही तिकडे गेलेली नाही.

नकाशाचं तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ठेकेदारानंच सांगितलं होतं. तुझं एप्रिलचं पत्र मी तिला तेव्हा वाचून दाखवलं, ती उठून आत गेली. काल रात्री भाकरी थापताना मला जवळ बसवून आपणहून म्हणाली, लिवा. ती बोलली तसंच लिहितो.

दीपे, तुला बोल न्हाई. तू केलंस ते माझ्यासाटीच केलंस, आन् तुझ्यामुळंच लेकरू घरी आलं. डोक्यावर हात ठिवला न्हाई, कारण ठिवला आसता तर मला रडू आवरलं नसतं, आन् तुझी गाडी चुकली आसती. पर चार वर्सं दुपारी मला जायाला एक जागा व्हती. आता बी जेवण झालं की उठते, लुगडं सारकं करते, चपला घालते, दारात येते आन् मग ध्यानात येतं. तू शिकलेली हायेस, एवडं सांग, आता मी कुटं जाऊ.

एवढं बोलून ती तव्याकडे वळली. तुला उत्तर सुचलं तर लिही. नाही सुचलं तर नुसती ये, दुपारच्या गाडीनं ये, तिच्याजवळ दारात बस.

तुझा,
आप्पा