चहाच्या डब्याची किल्ली

अहो,

मी आप्पांबरोबर मिरजगावला चालले आहे. पोळ्या दुरडीत झाकल्या आहेत, आमटी गरम करून घ्या. न्यायला येऊ नका.

परवा आप्पा लेकीला भेटायला इतक्या लांबून एस.टी.चे धक्के खात आले. त्यांच्यासाठी तुमच्या कुलुपातली पत्ती मागितली, तर त्यांच्यादेखत म्हणालात, "वर्षाच्या चहाच्या हिशेबात पाहुणे धरलेले नाहीत." दिवाळीला पुण्याहून आणलेला चहा पुढच्या दिवाळीपर्यंत पुरला पाहिजे, हे मला पाठ आहे. शेवटी तुमचा सकाळचा चोथा पुन्हा उकळून त्यांना दिला. "छान झालाय," म्हणाले आणि कप रिकामा केला. मला मान वर करता आली नाही. तुम्ही शेजारीच बसून तुमचा चहा पीत होतात.

आल्या आल्या किल्ली शोधाल. ती तुम्ही जानव्याला बांधता. काल श्रावणीला नवं जानवं घातलंत आणि जुनं नदीत सोडायला माझ्या हातात दिलंत, किल्लीसकट, आणि तसेच परगावी गेलात. जानवं नदीत सोडलं. किल्ली देवापाशी ठेवली आहे.

डबा उघडून बघा. चमचाभरही पत्ती कमी झालेली नाही, दिवाळीपर्यंत नक्की पुरेल. हिंगाची पुरचुंडी तेवढी कालपासून त्यात ठेवली होती, ती आत्ता निघताना काढून घेतली. चहा लगेच वास धरतो, म्हणून डबा मसाल्याच्या फळीपासून लांब ठेवायचा, ही या घरात तुम्ही मला शिकवलेली पहिली गोष्ट.

नीलांबरी