खाकी कोट आणि हिरवा खण

९ फेब्रुवारी १९३४, शुक्रवार. पहाटे ५ वा. २० मि.
चोपडे, सासुरवाडी. ओटीचे सामान तिसऱ्यांदा तपासून बांधतो आहे. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. दोन वर्षांत दोनदा सौ.ची कूस रिकामी झाली. सासूबाई डोंगरातल्या देवीला नवस बोलल्या आहेत: आज ओटी, आणि मूल झाले तर लाकडी पाळणा. त्यांचे गुडघे चालत नाहीत, म्हणून आम्ही दोघेच. पायथ्यापर्यंत शेजारच्या नानांची बैलगाडी. नवा खाकी कोट घातला (नवा म्हणजे अमळनेरच्या बाजारातला जुना). नाना म्हणाले, "जवाई, सायेब दिखतस तुम्ही!" बरे वाटले.

त्याच दिवशी, दुपारी १२-४०. शिसपेन्सिलीने.
देवी अजून अर्धा कोस वर. घळीत दगड निसटला, मी खाली. उजवी नडगी मोडली, हाड दिसते. रक्त थांबत नाही. सौ.ने माझ्या धोतराचा सोगा फाडून बांधला, तोही भिजला. नाना गाडी घेऊन गावात गेले, दिवस मावळता येणार. तोवर
समोरच्या टेकडीवर पाडा आहे. धूर दिसतो, माणसे दिसतात. वारा उलटा, हाक पोचत नाही. सौ.ला कोट दिला. खडकावर चढून हलव म्हटले. खाकी लांबून दिसते, लोक मानतात.

१२-५५.
सौ. वरून ओरडली, "अहो, बठ्ठा पळी ग्यात!"
एकही माणूस नाही. चूल तशीच जळते आहे.
हात गार पडले. अक्षर बिघडते आहे.
सौ. खाली आली. "मी जास तठे." नको म्हटले. वाट नाही, एकटी बाई. ती ओटीची गाठ सोडून खण काढू लागली. अगं, देवीचा आहे तो.
"देवी दखी लेई."

१३ फेब्रुवारी, मंगळवार.
आज उशीला टेकून बसता आले. राहिलेले लिहितो.
सौ. खडकावर उभी, हिरवा खण दोन्ही हातांत, पदर वाऱ्यावर. किती वेळ, घड्याळ पाहिले नाही. आधी पाड्यातल्या बाया आल्या, मागून पुरुष. पुढे एक डोकरी. ती चोपड्याच्या बाजाराला येते, आमची बोली बोलते. माझा कोट उचलून म्हणाली, "हाऊ नाकेदार नही का?"
जंगलचा नाकेदार खाकी घालतो. त्यांनी छपरांसाठी लाकूड तोडले होते. दंडाच्या भीतीने सगळे रानात दडले.
"मंग बाई दिखनी. नाकेदार बाईले संगे लयत नही. म्हणीसन आम्ही उनूत." माझ्याकडे वळून, "पहिले बायकोले इचारता, ते इतलं रक्त गयं नसतं."
सगळे हसले. सौ.ही हसली, परक्यांसमोर. मीही हसलो, आणि पुढचे काही आठवत नाही.
सौ. सांगते: बांबूच्या कामट्या लावून डोकरीने पाय बांधला, त्याच खणाने. नारळ फोडून पाणी मला पाजले. झोळीत घालून चौघांनी खाली आणले. पायथ्याशी नानांनी गाडीत कडबा पसरला.

२ मार्च, शुक्रवार.
डॉक्टर म्हणतात पाय राहील, थोडा आखूड. खाकी कोट आता त्या पायाखाली उशी म्हणून आहे.
सौ. पेज घेऊन आली. मी म्हटले, मुलाची ओटी माझ्या पायात गेली.
फटकन म्हणाली, "तुम्ही नसतात ते पोर कोनं?"
मग तोंड फिरवून कोटाची घडी सारखी करीत बसली. ती सारखीच होती.

२० मार्च, मंगळवार.
चुलीमागच्या भिंतीवर सौ. कोळशाच्या रेघा ओढते. विचारले, तर म्हणते, पाय बांधल्याचे दिवस मोजते. आज काठीवर तिथवर गेलो. पायाला चाळीस दिवस झाले. रेघा साठ आहेत. पाय मोडल्यापासून सौ. एकदाही बाजूला बसलेली नाही. दोनदा मोजल्या. कुणाला बोललो नाही, तिलाही नाही.

संध्याकाळी हिशेब, मोठ्याने म्हणत लिहिला. सौ. तांदूळ निवडत होती.
दिले: डॉक्टर ५ रु., नानांची गाडी २ रु. (घेत नव्हते).
देणे: डॉक्टर ३ रु. डोकरीला लुगडे एक. देवीला खण एक, नारळ एक. लाकडी पाळ
"तो आते नका लिखा."
हात थांबवला. तिथे एक ओळ मोकळी ठेवली आहे.