ताडपत्रीवरच्या प्लेटा

मंगळवार, संध्याकाळ

वजनाच्या प्लेटा आजही जिममध्ये परत आल्या नाहीत. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनीच फोनवर कबूल केलं: मेव्हण्याच्या कापसावरची ताडपत्री उडू नये म्हणून त्या मार्केट यार्डात नेल्यात. शनिवारी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची निवड, आणि माझी पल्लवी आठवडाभर रिकामा रॉड खांद्यावर घेऊन बैठका मारतेय. मागच्या निवडीत बास्केटखालच्या धक्काबुक्कीत टिकली नाही, म्हणूनच वगळली होती.

"बाबा, तुमीच तं पेपरात छापलं, यार्डातला कापूस नीट झाकला म्हनून!"

छापलं. बातमीसाठी यार्डात गेलो तेव्हा ताडपत्रीवर त्या लोखंडी प्लेटा दिसल्याही होत्या. कोणाच्या, हे विचारलं नाही. वीस वर्षं बातम्या देऊन हे?

"उद्या ऑटो सांगा. मीच उचलून आनीन, तेवढाच सराव."

ऑटो सकाळी सहाला येईल. पण ढग आहेत. प्लेटांच्या जागी ठेवायला दगड मलाच गोळा करावे लागतील.