आजाच्या तोंडात किती बोटं

पिंपळदरी, ता. महागाव
२ डिसेंबर २०२४

ती. इंदुताई हिले,
बापूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मले बोलूच देत नाहीस, आपलंच दळण दळत बसते, म्हणून कागद घेतला. पोरगा रजत उद्या पुसदले येऊन राह्यला, त्याच्या हाती देतो. इकडं कापसाची वेचणी जोरात हाय. पोरगा, नातू सगळे खुशाल.

तक्रार सुनेची हाय. दिपालीचं स्थळ तूच आणलं होतंस, तवा ऐकणंही तुलेच भाग हाय. तिच्या अंगणवाडीत यंदा 'माझं शरीर' शिकवणं चालू हाय. पोरं तिथं शिकतात अन् परीक्षा घरच्यांची घेतात. आपला नयन जेमतेम चार वर्षांचा, पण तपासणीले मोठ्या सायबासारखा फिरते. आधी नखं झाली. पाव्हणे बसले असताना माहे हात उलटेसुलटे पाहिले अन् मले मोरीवर धाडलं. मंग कान झाले.

आता तोंड निघालं. आ करायचा, आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मधात घालायची. गेली तर पास. साऱ्या गल्लीले त्यानं असं उभं केलं. पानठेल्यावरचा देवीलाल तर गिऱ्हाईक सोडून तोंडात बोटं घालून बसला होता. नयन माह्या मागं सकाळपासून लागला, तवा मी सांगतलं, आज माहा उपास हाय, उपासाले आ करत नाहीत. पोराले पटलं बिचाऱ्याले.

तू सुनेले जरा समजाव. गाणी शिकव म्हणा, बाराखडी शिकव म्हणा, लोकायच्या तोंडात कायले शिरते?

तुही माया आहे तशीच राहू दे, शिव्या मात्र कमी पाठव.

तुहा,
बापू


पुसद
४ डिसेंबर २०२४

चि. बापूस,
इंदुताईचे अनेक आशीर्वाद.

तुह्या उपासाचं वाचून मी एवढी हसली की शेजारची विमलताई पाहाले आली. लहानपणी एकादशीले सकाळीच देवापुढचा गूळ फस्त करणारा तू. आता आ करायच्या भीतीनं उपास धरते.

मी इथं आरशापुढं उभी राहून पाहिलं. माही तिन्ही बोटं गेली, चौथ्यालेही जागा होती. म्हणूनच मी एवढी बोलते, असं तू म्हणशील. म्हण. विमलताईचीही गेली. पुसदले तरी सगळ्या बाया पास हायेत.

तुह्या पत्रात नखं आली, कान आले, देवीलाल आला. तुहा आकडा काही कुठं सापडला नाही. काहून? परत लिहिशील तवा एवढंच लिही, बाकी तक्रारी मी मनानं वाचून घेईन.

प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखू घासून तू खाते तो खर्रा कमी कर हे मी सांगून थकली, आता नातू सांगते का पाहू.

माह्या आशीर्वादाले कधी सुट्टी नसते, हे ध्यानात ठेव.

इंदुताई


पिंपळदरी
९ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंना,
दिपालीचा शि. सा. न.

माझ्याबद्दलची तक्रार तुमच्याकडे पोचली हे बापूजींच्या तोऱ्यावरून कळलं. तीन दिवस ते मला 'मास्तरीणबाई' म्हणत आहेत. मी ऐकून घेते. पण एक गोष्ट फोनवर बोलता येत नाही, घरात सगळ्यांच्या कानावर जाते, म्हणून लिहिते आहे.

तीन बोटांची ती परीक्षा मी गंमत म्हणून घेतली नव्हती. आमच्या ट्रेनिंगमध्ये नर्सबाईंनी ती शिकवली. सुपारी-खर्रा खाणाऱ्याचं तोंड आतून आवळत जातं, तिखट झोंबतं, आणि पुढे ते वाईट वळण घेऊ शकतं. पोरांनी ती घरी नेली तर मोठ्यांचीही आपोआप तपासणी होईल, असा माझा बेत होता. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर बापूजीच होते. पित्त झालं म्हणून त्यांनी ठेचा सोडला. भाकर वरणात भिजवल्याशिवाय उचलत नाहीत. जांभई आली की तोंड फिरवतात.

परवा नयननं अंगणवाडीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, आमच्या आजाची दोनच बोटं जातात. मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाला, आजा आरशापुढे एकटाच करून पाहत होता. तिसरं बोट जाईना तर रडल्यासारखा दिसला. मी दाराआड होतो.

आत्याबाई, म्हणजे त्यांना माहीत आहे. यांना सांगितलं तर ते वडिलांशी भांडतील आणि बापूजी हट्टाला पेटतील. मी सून, मी सासऱ्याला तोंड उघडा कसं म्हणू? तुम्हीच काही सुचवा.

चुकलं तर कान धरा, पण पाठीशी राहा.

तुमची,
दिपाली


पुसद
१२ डिसेंबर २०२४

चि. सौ. दिपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुहं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही.

तुहा सासरा भेकड हाय, हे गावात फक्त मले माहीत. लहानपणी पायात बाभळीचा काटा मोडला तर हा लंगडणं लपवून चालायचा. पाय सुजून भोपळा झाला तरी काही नाही म्हणे. आईचा धाक नव्हता, सुईचा होता. तवा त्याले दवाखान्याचं नाव काढू नको. भांडूही नको.

त्याले मान दे. अंगणवाडीत एक दिवस आजा-आजींचा ठेव अन् बापूले पाहुणा म्हणून बोलाव. नारळ हातात पडला की हा माणूस कुठंही जाते. बाकी काही शिकवू नको. पोट्टे जे रोज करतात तेच करू दे. त्याचे डोळे अजून चांगले हायेत.

तू दाराशी उभी राह्यली तरी मी तुह्या मागं उभी हाय असं समज.

इंदुताई


पिंपळदरी
२३ डिसेंबर २०२४

ती. इंदुताई हिले,
बापूचा शि. सा. न. वि. वि.

परवा अंगणवाडीत प्रमुख पाहुणा म्हणून गेलतो. धोतर-टोपी, शाल-नारळ, सगळं झालं. पोरायनं हात धुवायचं गाणं म्हटलं, दात घासून दाखवले. एका पोरीनं आपल्या पोटावर हात ठेवून इथं भूक राह्यते म्हणून सांगतलं. मले बरं वाटून राह्यलं होतं.

मंग पोरं घर-घर खेळले. कोणी आई झालं, कोणी मोटार चालवली. आपला नयन एका कोपऱ्यात बसला. त्यानं पन्नीत माती घेतली, दोरी गुंडाळली अन् मांडीवर घासू लागला. घासून झाल्यावर चिमूट गालात धरल्यासारखं केलं अन् बाजूले थुंकला. शेजारच्या धनीबाईच्या नातीनं विचारलं, तू कोण झाला रे? तो म्हणाला, "मी आजा हाय."

सगळे हसले. मीही हसाले गेलो. ताई, हसाले तोंड उघडलं नाही. गाल ताणून जळजळले अन् मी टोपी सारखी केल्याचं सोंग केलं. दिपाली माह्याकडं पाहत नव्हती, मुद्दाम पाहत नव्हती, हे मले कळलं.

तुले आकडा पाहिजे होता. दोन. तोही जोर लावून.

घरी आलो अन् रजतले म्हटलं, पुढल्या सोमवारी यवतमाळले मोठ्या दवाखान्यात ने. तो लगेच गाडीचं विचाराले गेला. खर्ऱ्याची पन्नी मी चुलीत टाकली.

या खेपेले शिव्या दिल्या तरी चालतीन, देत राहा.

तुहा,
बापू


पुसद
२५ डिसेंबर २०२४

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

शिव्या संपल्या बापा, शोधून सापडेनात. दिपालीले संगं ने. रजत दवाखान्यात गेला की मुका होते, तुह्यावरच गेला हाय. सुईले भिऊ नको. भ्यायलास तरी जा.

इंदुताई


पिंपळदरी
१९ जानेवारी २०२५

ती. इंदुताई हिले,
बापूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुले आधीच कळलं की वाईट नाही निघालं. पण सगळं सांगतलं नव्हतं, ते आता लिहितो.

पहिल्या खेपेले गालाच्या आतला बारीक तुकडा काढून तपासाले घेतला. त्याआधी तुही ती सुई टोचून गाल बधिर केला. मी ओरडलो नाही, रजतले विचार. रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. नयन तेवढा बोलत होता.

परवा रिपोर्ट घ्याले तिघं गेलतो. डॉक्टरीणबाई पोरीसारखी होती. तिनं विचारलं, किती वर्षांपासून खाता? मी म्हटलं, असंल दोनेक वर्षं. रजत खाली पाहत होता. तवा दाराशी उभी असलेली दिपाली डोक्यावरचा पदर सावरून बोलली, "खोटं आहे. माझं लग्न होऊन आठ वर्षं झाली, त्याच्याही आधीपासून."

ताई, आठ वर्षांत ती माह्यासमोर मोठ्यानं बोलली नव्हती. अन् बोलली ते परक्या बाईपुढं, मले खोटं पाडून. डॉक्टरीणबाईनं मान हलवली अन् समजावलं. कॅन्सर नाही. पण कातडी आतून घट्ट झाली, ती पूर्वीसारखी होणार नाही. खर्रा सुटला तर पुढं वाढणं थांबू शकते. इंजेक्शनं हायेत, तोंडाचा व्यायाम हाय, दर तीन महिन्यांनी दाखवाचं हाय. नाही सुटला तर मंग तिची हमी नाही.

बस स्टँडवर येईपर्यंत मी सुनेच्या पुढं पुढं चाललो. राग होता. रजत तिकिटाचं पाहाले गेला. दिपालीनं चहा सांगतला. माहा कप तिनं आपल्यापुढं ओढला, बशीत ओतला, फुंकला, परत कपात ओतला, परत बशीत. बोट लावून पाह्यलं अन् मंग माह्यापुढं सरकवला.

घरी माहा चहा रोज कोमट येते. मी चारचौघांत म्हणत होतो, माह्या सुनेले चहा गरम करता येत नाही.

तो चहा मी बसून पेलो. बस लागली तरी पीत होतो.

आता सकाळी अंगणवाडीत जाऊन बसतो. पोरं सिंहाचं तोंड करतात, मीही करतो. माहा सिंह सगळ्यात बारीक हाय. खर्ऱ्याची आठवण रोज येते, तवा मी चिडतो अन् घरचे सांभाळून घेतात.

तुही माया माह्यावर हाय तेवढीच दिपालीवरही असू दे, थोडी जास्तच असू दे.

तुहा,
बापू