तिसऱ्या आकड्याला थांबलेला घास

आदरणीय डेलबर्टमामा यांना भाची रोवेनाचा नमस्कार.

तुमचा गुडघा थंडीत फार त्रास देत नसेल आणि मामीला नवं औषध मानवलं असेल, अशी आशा करते. मी बरी आहे. (या वाक्यातून कोणत्याही विमानाच्या प्रकृतीबद्दल काहीही सूचित होत नाही. कृपया यावर लेख लिहू नये.) एकाच गावात राहून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही माझ्या श्वासांवरूनही निष्कर्ष काढाल आणि समोर आले तर चेहऱ्यावरून. कागदावर मला चेहरा नाही, आणि प्रत्येक वाक्य पाठवण्याआधी दोनदा वाचता येतं.

तुमच्या रविवारच्या ब्लॉगबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. बावीस वर्षं तुम्ही हवाई दलाच्या विमानांना बॉम्ब लावलेत, तेव्हा विमानांबद्दल मतं असण्याचा अधिकार तुम्हाला आहे, आणि त्यातली काही मला पटतातही. जे विमान दुरुस्त करायला दर वेळी कंपनीचा माणूस बोलवावा लागतो ते सैन्याचं नसून भाड्याचं आहे, हे तुमचं वाक्य मी स्वतः दोन ठिकाणी वापरलं आहे. पण तुमच्या लाडक्या जुन्या तोफवाल्या विमानाबद्दल मात्र आपलं जमणार नाही. तेही मला आवडतं, पण ते हळू आहे, खाली उडतं, आणि खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं आता कोणाच्याही हाती पडतात. आवडणं हा संरक्षणाचा मुद्दा होऊ शकत नाही. तसंच चालक नसलेल्या विमानांना तुम्ही भित्र्यांची विमानं म्हणता. ती पडली तर कोणाच्या आईला घडी घातलेला झेंडा नेऊन द्यावा लागत नाही, एवढंच मी म्हणेन. (ही माहिती सार्वजनिक आहे. मी खात्री केली आहे.)

आता मुद्दा. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला तुमच्या टेबलाशी आपण तिघंच होतो. टर्की कापून झाल्यावर तुम्ही एका विमानाचा विषय काढलात. त्या विमानाबद्दल मी बोलत नाही, आणि त्यावर मी काम करते की नाही याबद्दलही बोलत नाही. ते एका टाकीत किती मैल जातं, हे तुम्हाला हवं होतं. तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत, हे मी मान्य करते. तुम्ही फक्त छताकडे बघत आकडे म्हणत होतात. पहिल्या आकड्याला मी बटाटे मागितले. दुसऱ्याला मामीकडे रस्सा सरकवला. तिसऱ्याला माझा घास तोंडातच थांबला. तेव्हा तुम्ही काटा खाली ठेवलात आणि म्हणालात, "बास, पोरी. मिळालं मला. आता जेव निवांत."

मी निवांत जेवले नाही. पण तुम्ही रविवारपर्यंत थांबाल आणि तोवर विसराल, असं मला वाटलं होतं. 'टेबलावरच्या सूत्रांची कबुली' हा तुम्ही त्याआधीच टाकलेला लेख मी वाचला नव्हता. मी सूत्र आहे, हे मला सोमवारी सकाळी कंपनीच्या दारात कळलं. ओळखपत्र लावलं, पण दार उघडलं नाही, आणि माझ्या मागे रांगेत असलेले लोक हळूच एकेक पाऊल मागे सरकले. लेख मी नंतर वाचला. (आकडा इथे लिहिता येत नाही. तुमच्याकडे तो मोठ्या लाल अक्षरांत आहेच.) त्याखाली तुमच्या वाचकांची जी चर्चा चालली आहे, तीही वाचली. एक म्हणतो, एवढा वेळ थांबली म्हणजे आकडा बरोबर. दुसरा म्हणतो, असल्या बायकांना थांबण्याचंच शिक्षण देतात, म्हणजे आकडा चूक. तिसऱ्याने माझं लग्न झालंय का ते विचारलं आहे, आणि तुम्ही त्याला उत्तर दिलं आहे.

सध्या माझा गुप्त कामाचा परवाना स्थगित आहे आणि चौकशी संपेपर्यंत मी बाहेरच्या इमारतीतल्या खोलीत बसते. तिला सगळे 'बर्फाची पेटी' म्हणतात. खोलीत संगणक नाही, खिडकी आहे, आणि माझ्या शेजारी एक गृहस्थ आहेत, ज्यांच्या मेहुण्याने परदेशी माणसाकडून होडी विकत घेतली. ते उन्हाळ्यापासून इथेच आहेत. पहिले काही दिवस त्यांनी मला धीर दिला. आता ते मला विणकाम शिकवायला निघाले आहेत, आणि या गोष्टीची मला चौकशीपेक्षा जास्त भीती वाटते. परवाना गेला तर नोकरी जाईल, आणि या धंद्यात परवाना गेलेल्या मुलीला दुसऱ्या कोणत्याही कंपनीचं दार उघडत नाही.

आमच्या सुरक्षा अधिकारी इस्पार्झाबाई आहेत. त्या आवाज चढवत नाहीत, आणि त्यांच्या टेबलावर कधी कागद दिसत नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"चावायचं का थांबलात?"

मामा, माझी अडचण तुम्हाला समजावी म्हणून सांगते. तुमचा आकडा चूक आहे असं मी म्हणू शकत नाही, कारण मग उरलेल्या दोन आकड्यांबद्दल लोक विचार करू लागतील. बरोबर आहे असंही म्हणू शकत नाही. लेख काढून टाका अशी विनंतीही करू शकत नाही, कारण काढला की आकडा बरोबरच होता म्हणून तुमचे वाचक नाचतील. म्हणजे तो तिथेच राहू द्या, असंही मी म्हणत नाही. मी कोणता नियम मोडला, असं मी बाईंना विचारलं. त्यांनी नीट विचार करून सांगितलं की चावण्याबद्दल अजून नियम नाही. पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणात 'कौटुंबिक जेवण' असा नवा भाग बहुतेक येईल, आणि सगळे माझ्याकडे बघतील.

त्यांच्या प्रश्नाचं मी खरं उत्तर दिलं. आता त्या ते पडताळून पाहणार आहेत. येत्या गुरुवारी त्यांचा माणूस तुमच्या घरी येईल आणि आधी मामीशी बोलेल, कारण ती माझ्या समोर बसली होती. साक्षीदारांनी काय सांगावं हे मी कोणालाही सुचवायचं नाही, अशी मला ताकीद आहे, आणि मी सुचवत नाही. मामीने जे खरं वाटतं तेच सांगावं. तुम्हीही.

मामीला माझा नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
रोवेना

ता. क. मी काय उत्तर दिलं, ते तुम्हाला कळायला हवं. तिसऱ्या आकड्याच्या वेळी माझ्या तोंडात मामीची हिरवी लिंबाची जेली होती. दर वर्षी तिच्यात कोबी आणि मेयोनीज असतं. या वर्षी तिने बाजारची डबाबंद कोळंबी घातली होती. जेली विरघळली आणि दातांखाली काहीतरी उरलं. मी थांबले ते एवढ्यामुळेच. आकडा मला नीट ऐकूही आला नव्हता. इस्पार्झाबाईंनी मग विचारलं की तुम्हाला ही जेली आवडते का, आणि मला नाही म्हणावं लागलं. लहानपणापासून मी मामीला ती सगळ्यात जास्त आवडते म्हणून सांगत आले आहे आणि दोनदा वाढून घेत आले आहे. त्या दिवशीही तिने काय म्हटलं, आठवा. "अजून घे गं, तुझ्यासाठीच दोन साचे केलेत." गुरुवारी तिला विचारतील, आणि ती प्रामाणिकपणे सांगेल की रोवेनाचा जीव आहे त्या जेलीवर. मग दोघींपैकी एक खोटी ठरेल, आणि ती मामी नसेल.

ता. क. २. म्हणून विनंती अशी की गुरुवारच्या आधी मामीला जेलीबद्दल खरं काय ते तुम्ही सांगावं. त्या माणसाला काय सांगायचं ते नव्हे, फक्त जेलीबद्दल. मी बाईंना विचारून घेतलं आहे. नवराबायकोत जेलीवरून काय बोलणं होतं यात सरकारला रस नाही, असं त्या म्हणाल्या. मीच सांगितलं असतं, पण चौकशी संपेपर्यंत मामीशी बोलायला मला बंदी आहे. (ही बंदी मी मागून घेतली, असं कोणी म्हणत असेल तर त्यावर मी भाष्य करत नाही.)

ता. क. ३. ती जेली खाण्याजोगी नव्हती, याला दुसरा कोणी दुजोरा देईल का, असंही विचारलं होतं. मी तुमचं नाव दिलं आहे. तुम्ही तुमच्या वाटची टेबलाखाली कुत्र्याला घालता, हे सांगितलं. त्यानेही या वर्षी कोळंबी बाहेर काढून ठेवली होती, हेही सांगितलं. तेव्हा मामीला हे त्या माणसाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळलेलं बरं. वर्षानुवर्षं फसलेली योजना फसली आहे हे मंत्र्याच्या तोंडावर सांगायला एकाही जनरलची छाती होत नाही, असं तुम्ही दर रविवारी लिहिता. तुमच्याकडे बुधवार संध्याकाळपर्यंत वेळ आहे.