मेणबत्तीवाली शाळा

प्रिय सुरैय्या,

अस्सलामु अलैकुम. फारूक उद्या दोह्याहून पनवेलला निघतोय, त्याच्या हाती ही चिठ्ठी आणि खजूर देतोय. फोनवर इनाया तुझ्या मांडीतच असते, तिच्यासमोर तिच्या शाळेचं काय बोलणार?

मी मजेत आहे, काळजी करू नकोस. अम्मींचा गुडघा कसा आहे?

खारघरच्या त्या शाळेची माहितीपुस्तिका मी तीनदा वाचली. वर्गात रोज मेणबत्ती लावतात, ठीक. दुधाचे दात पडेपर्यंत अक्षरं शिकवत नाहीत, तेही चालेल. पण कारण काय, तर मुलाचा आत्मा मागच्या जन्मातून येतो आणि शरीरात सावकाश उतरतो! आपण मागचा जन्म कधीपासून मानायला लागलो? आणि घरीही अक्षरं नकोत म्हणतात; मग अम्मी तिला रोज उर्दूचं अलिफ-बे शिकवायला बसतात, ते बंद करा म्हणून त्यांना कोण सांगणार? माझ्यात हिंमत नाही.

तू म्हणतेस, ईमान घरात शिकवू. मला पटत नाही. शाळेला नाही कळव, एवढंच लिहायला बसलो होतो.

पण शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर मी जेवायला लागलो, तर पोरगी ओरडली, "अब्बू, थांबा! ज्याने दिलं त्याला आधी थँक्यू म्हणा." घास हातातच राहिला. बिस्मिल्ला न म्हणता मी किती दिवस जेवतोय, मलाच आठवेना.

हे तिला अम्मींनी शिकवलं, की त्या शाळेतल्या आठ दिवसांच्या ट्रायलमध्ये शिकली? खरं सांग. अम्मींनी शिकवलं असेल, तर शाळेला नाही कळव.

शाळेने शिकवलं असेल, तर मी काय करू ते कळव.

तुम्हा तिघींच्या आठवणीत,
अदीब