तुझ्या वहीतलं टिंब

आई, परवा रविवारी मला शाल मिळाली. पक्षाच्या जिल्हा शाखेनं जुन्या कार्यकर्त्यांचा सत्कार ठेवला होता, इथं दिल्लीच्या द्वारकेतच, आमच्या सोसायटीपासून दोन सिग्नल पुढं बारातघर, म्हणजे लग्नाचा हॉल आहे तिथं. शाल, नारळ आणि काचेच्या चौकटीत मानपत्र. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी कधी तुला एक ओळ लिहिली नाही. पण हे कळवल्याशिवाय मला चैन पडेना. माझी सूनबाई म्हणाली, बाबा, दोन दिवस नुसत्या येरझाऱ्या घालताय, त्यापेक्षा लिहून काढा. म्हणून बाल्कनीत बसलोय. डोक्यावरून विमान गेलं की थांबतो, आवाज सरला की लिहितो. अक्षर माझं तसंच आहे, दहावी नापासाचं.

फोन आला तेव्हापासून माझी झोप उडाली होती. पक्षाच्या कार्यालयातली एक मुलगी बोलत होती, की अंकलजी, पुराने रजिस्टर में आपका नाम है, इतने साल की सेवा है, आपका सम्मान होना है. मी अच्छा, अच्छा म्हणून फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. सेवा माझी नव्हती. नाव तेवढं माझं होतं. ते तिथं कसं गेलं हे तुला, बाबांना आणि पक्षाच्या तेव्हाच्या वॉर्ड-अध्यक्षांना, आपल्या प्रधानजींना, एवढ्या तिघांनाच ठाऊक. तिघंही आता नाहीत. उरलो मी. आणि मला वाटायला लागलं, आता कुणी उठून विचारलं, की पक्षासाठी घरोघर फिरताना तुम्ही कुठल्या जिन्यात कधी चढलात ते सांगा, तर मी काय सांगणार?

तो दिवस मला लख्ख दिसतो. सरोजिनी नगरचं आपलं सरकारी क्वार्टर, स्वयंपाकघर एवढंसं, की दार उघडलं तर ओट्याला लागायचं. तू पोळ्या लाटते आहेस. प्रधानजी बाहेरच्या खोलीत रजिस्टर उघडून बसलेत आणि बाबा दारात उभे. मागच्या सर्व्हंट क्वार्टरांचा नळ तू खेटे घालून सुरू करून घेतला होतास, म्हणून ते तुला रीतसर सभासद करून घ्यायला आले होते. बाबांचा चेहरा पडलेला. मंत्रालयात कारकून, घरातलं माणूस राजकारणात शिरलं तर साहेबाला उत्तर द्यावं लागायचं. बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "पोरगा ऐकत नाही असं साहेबाला सांगता येईल. बायको ऐकत नाही असं कसं सांगू?" तू तव्यावरची पोळी उलटलीस. "खरं तर तेच खरं आहे," म्हणालीस आणि लाटणं माझ्याकडे रोखलंस. "याचं नाव लिहा. तसाही हा शिलाई मशीनच्या दुकानात आहे, सरकारला याची गरज नाही." प्रधानजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाबांना तेवढ्यानं धीर आला. मला कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी मी हो किंवा नाही म्हणायला आठवडा घेतला असता.

तेव्हापासून रजिस्टरात मी आणि जिन्यात तू. दुपारची भांडी झाली की काखेत वही घेऊन निघायचीस. मतदार यादी तू स्वतःच्या हातानं उतरवून घेतली होतीस, ब्लॉकवार, जिन्यावार. आपला माणूस असेल त्याच्यापुढं बरोबरची खूण, दुसरीकडचा असेल तर फुली, आणि ज्याचा भरवसा नाही त्याच्यापुढं टिंब. टिंबवाल्यांकडे तू दोनदा जायचीस. यादीत ज्याचं नाव आलं नाही त्याचा फॉर्म भरून द्यायचीस, मग त्याच्यापुढं फुली का असेना. हिंदी तुझं शेवटपर्यंत सुधारलं नाही. "मैं कल को येती, तुम कागद काढके रखो," असं तू म्हणायचीस आणि पंजाबी, बिहारी, मद्रासी सगळे कागद काढून ठेवायचे. अख्खी कॉलनी तुला माताजी म्हणायची. संध्याकाळी बैठक आपल्याच खोलीत बसायची, तेव्हा बाबा आपली खुर्ची भिंतीकडे वळवून पेपर वाचायचे. मी काही पाहिलं नाही, म्हणायचे. पण कुणी घरनंबर चुकला तर तिकडे तोंड करूनच दुरुस्त करायचे.

सभेला मात्र मला जावं लागायचं, कारण नाव माझं. मी मागच्या रांगेत बसून यायचो आणि काय झालं ते तुला सांगायचो, निम्मं विसरून. मतदानाच्या दिवशी बूथबाहेरच्या टेबलावर आपण दोघं. तू मतदारांच्या नाव-नंबराच्या पर्च्या लिहायचीस, मी वाटायचो. सकाळी डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी, सगळ्या टेबलाला पुरेल एवढी. अशाच एका मतदानाला मी ती चूक केली. डी ब्लॉकमधले एक गृहस्थ, फुलीवाले. दुधाच्या बूथवर चारचौघांत म्हणाले होते, की क्लर्क की बीवी नेतागिरी करती है. त्यांची पर्ची माझ्या हातात आली आणि मी ती डब्याखाली सारली. तुला दुपारी डबा उचलताना सापडली. सगळ्या टेबलासमोर तू मला म्हणालीस, "यांचं नाव यादीत मी शोधलंय. तू कोण लपवणारा? जा, घरी देऊन ये." मी तेव्हा लग्नाचा होतो, मिशी होती मला. कान गरम झाले. तीन मजले चढून पर्ची दिली. त्या गृहस्थांनी पर्ची उलटसुलट करून बघितली, म्हणाले, "माताजी ने भेजा?" आणि मला पाणी दिलं. परत येताना वाटेतच मी माझंही मत देऊन टाकलं. टेबलाशी आलो तशा तू पुढच्या पर्च्या माझ्याकडे सरकवल्यास.

तर सत्काराच्या आधी मी तुझी वही शोधली. माळ्यावर होती, तुझ्या हिरव्या पत्र्याच्या पेटीत. कार्यालयात गेलो, पिशवीत वही, बीपीची गोळी खिशात. त्या मुलीला म्हटलं, नाव बदलता येईल का, काम माझ्या आईचं आहे. ती फार चांगली मुलगी, चहा मागवला तिनं. पण म्हणाली, "अंकलजी, मानपत्र छप गए हैं. और माँ का हाथ तो सबके पीछे होता है." तिला वाटलं मी विनय दाखवतोय. घरी आलो तर नातीनं समजूत काढली. ती नोएडाला नोकरी करते, रात्रंदिवस हिंदी-इंग्रजीत असते. म्हणाली, आजोबा, तुम्ही स्टेजवर सांगा ना यार, एवढं काय. तिनं मला चार ओळी हिंदीत लिहून दिल्या. चार ओळी मी आठ दिवस पाठ केल्या.

हॉल भरलेला. पुढं दोन रांगा आम्हा म्हाताऱ्यांच्या, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कानात मशीन. एकेकाचं काम वाचून दाखवत होते. कुणी पोस्टर चिकटवता चिकटवता म्हातारा झालेला, कुणी आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेला. मला वाटलं, ही सगळी तुझी माणसं. मग माझं नाव आलं. माझ्या खांद्यावर शाल घातली त्या बाई आपल्या मागच्या सर्व्हंट क्वार्टरातल्या, आता माजी नगरसेविका, केस पांढरे झालेत. त्यांना तू पहिल्यांदा यादी हातात देऊन जिन्यात चढवलं होतंस. माईक माझ्यासमोर आला आणि मी म्हणालो, ये काम मेरी माँ का है. सूत्रसंचालकानं लगेच "वाह, माँ का आशीर्वाद!" म्हणून टाळ्या घेतल्या आणि पुढचं नाव पुकारलं.

झालं, संपलं असतं. पाय खाली उतरायलाच निघाले होते. जन्मभर मी असाच उतरत आलोय. पण त्या टाळ्यांत तू पुन्हा एकदा रजिस्टराबाहेर राहिलीस असं वाटलं आणि मी माईक सोडला नाही. पाठ केलेलं सगळं विसरलो. माझ्या दुकानातल्या हिंदीत सांगितलं, की आशीर्वाद नव्हे, काम. वडील सरकारी नोकर म्हणून रजिस्टरात नाव माझं घातलं, जिने ती चढली, नळ तिनं आणला, ही तिची वही. वही वर धरली. मला वाटलं आता शाल काढून घेतील. त्या बाई वहीजवळ आल्या, पानं चाळली, आणि माईकमध्ये म्हणाल्या, "रजिस्टर किसने देखा था? हम तो माताजी को देखते थे." मग त्यांनी पेन मागितलं आणि मला विचारलं, "माताजी का पूरा नाम?"

आई, इतक्या वर्षांत तुझं नाव कुणी विचारलंच नव्हतं. मी ते माईकवर घेतलं. तुझं, बाबांचं, आडनाव. स्पीकरातून ते भिंतीवर आपटून परत आलं. बाईंनी मानपत्र उलटं केलं आणि मागच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, खाली सही केली. पुढच्या दोन रांगा उठून उभ्या राहिल्या, ज्यांना उठता येत होतं तेवढ्या. आता सूनबाईनं ती चौकट दिवाणखान्यात उलटी टांगली आहे, पुठ्ठा बाहेर. येणारा जाणारा विचारतो आणि मग ती सगळी गोष्ट सांगते, माझ्यापेक्षा चांगली.

एवढंच लिहायचं होतं. पण एक राहिलं, आणि ते मी हॉलमध्ये सांगितलं नाही. वही शोधली त्या दिवशी आपल्या क्वार्टरचं पान उघडलं. बाबांपुढं बरोबरची खूण, तुझ्यापुढं बरोबरची खूण. माझ्यापुढंही होती, ती खोडून तू तिथं टिंब दिलं आहेस. बाजूला तारीख आहे, त्या पर्चीच्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशीची. तुला कसं कळलं कोण जाणे, मत देताना मी तर पडद्याआड होतो. हे पत्र आता त्याच पानात ठेवतो, टपालात टाकायचं तरी कुठं. टिंब बरोबर आहे, आई. त्या दिवशी रागाच्या भरात मी मत दुसऱ्यांना दिलं.